बारीक माणसाची शुगर आणि व्यायाम: नक्की कोणाचं ऐकायचं?

सई_सातारा

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या नवऱ्याबद्दल आहे, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन पहिल्यापासून ५७ च्या आसपास. म्हणजे लग्न ठरवताना सुद्धा "मुलगा चांगलाय, जरा अंगाने भरला पाहिजे" असं ऐकलेला माणूस. कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २५४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिली आणि म्हणाले व्यायाम करा, चाला. किती, कधी, कसा हे काही नाही, बाहेर पेशंटची रांग होती त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार.

आता आमच्या ह्यांचा स्वभाव असा की एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पहाटे पाचला उठून काही न खाता अजिंक्यतारा चढायला लागले, तोही पळत, खाली आले की सूर्यनमस्कार, संध्याकाळी कपालभाती आणि रात्रीची भाकरी निम्म्यावर. वजन ५४ वर आलं, गालफडं बसली, सासूबाई ताट वाढताना डोळे पुसतात. आणि गेल्या रविवारी गडावरून उतरताना ह्यांचे हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. बरोबरच्या एका काकांकडे पेढ्यांचा पुडा होता, त्यातले दोन खाल्ले आणि थोड्या वेळाने बरं वाटलं. घरी येऊन मला सांगतात पित्त झालं असेल!

मग वैद्यांकडे नेलं. ते म्हणाले हे 'कृश प्रमेही', म्हणजे बारीक मधुमेही, यांनी एवढा व्यायाम करायचाच नाही, अंगाला तेल लावा. योगाच्या क्लासचे सर म्हणतात मंडूकासन करा, मुठींनी स्वादुपिंड दाबलं जातं आणि इन्सुलिन सुटतं. शेजारचे म्हणतात तीन महिन्यांत गोळ्या सुटतील, आमच्या मेव्हण्याच्या सुटल्या. सगळे ठामपणे बोलतात हो, आणि प्रत्येकाचं वेगळंच. बारीक माणसाला आयुर्वेदात खरंच वेगळा व्यायाम सांगितलाय का? आणि रोजचं म्हणजे नेमकं काय करायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा, फॉरवर्ड नकोत, ते माझ्याकडे भरपूर आहेत.

गवती_चहा

सई, व्यायामाचं नंतर बघू, आधी त्या रविवारचं. ते पित्त नव्हतं, शुगर लो झाली होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की उपाशी आहात हे ती बघत नाही. रात्रीचं जेवण निम्म्यावर, सकाळी पोट रिकामं आणि वर गड पळत चढायचा, मग शुगर खाली येणार नाही तर काय होईल. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही, त्या दुसऱ्या औषधाने होतं. हे डॉक्टरांना उद्याच्या उद्या फोन करून सांगा, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, पण गोळी मनाने बंदही करू नका.

आणि पेढ्याने त्या दिवशी निभावलं ते ठीक, पण खव्यात तूप असतं त्यामुळे साखर रक्तात सावकाश चढते. अशा वेळी सरळ तीन चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा ग्लुकोजची पावडर, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच घ्यायचं, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. ह्यांच्या खिशात एक पुडी कायमची ठेवा. आणि एकट्याने गडावर जायचं नाही, काका नसते तर?

निंबोणीचं_झाड

बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यामुळे ग्रंथात खरंच आहे का याचं उत्तर माझ्या वाट्याला आलं असं समजते.

आहे, आणि फार स्पष्ट आहे. चरकाच्या चिकित्सास्थानातला सहावा अध्याय प्रमेहाचा, त्यात तो प्रमेही दोन प्रकारचे सांगतो: "स्थूलः प्रमेही बलवानिहैकः कृशस्तथैकः परिदुर्बलश्च". एक जाड आणि ताकदवान, दुसरा बारीक आणि अशक्त. जाड्याचं शोधन म्हणजे शरीरशुद्धी करायची, बारक्याचं बृंहण म्हणजे पोषण. सुश्रुतही दोन प्रकार करतो, जन्मतःच बीजातून आलेला तो सहज आणि वाकड्या खाण्यापिण्याने ओढवलेला तो अपथ्यनिमित्त. सहजवाला कृश, रुक्ष, कमी खाणारा, सारखी तहान लागणारा आणि एका जागी न बसणारा, तर अपथ्यवाला जाड, खादाड आणि अंथरूण न सोडणारा. (सहज म्हणजे टाइप वन, म्हणजे अंगात इन्सुलिनच न बनणारा मधुमेह, असं समीकरण लगेच कोणी मांडू नका, तसं एकास एक बसत नाही.)

आता व्यायाम. आपल्याकडे मधुमेह आणि व्यायाम म्हटलं की सगळे सुश्रुताचा तो प्रसिद्ध उतारा सांगतात, की ज्याच्याकडे पैसा नाही, नातेवाईक नाहीत त्याने पायात वहाण न घालता, छत्री न घेता, भिक्षा मागत शंभर योजनं चालावं, श्रीमंताने सावा नि देवभातावर राहावं, गाईंच्या मागे हिंडावं, कोणी शेत नांगरावं, कोणी विहीर खणावी. ऐकायला भारी वाटतं आणि भाषणांत टाळ्या पडतात. पण त्याच वाक्याच्या शेवटी चार शब्द आहेत ते कोणी वाचत नाही: "कृशं तु सततं रक्षेत्". बारीक रोग्याला मात्र कायम जपा. विहीर खणायला लावलीय ती दुसऱ्या माणसाला. तुमचे अहो चुकून जाड्या प्रमेह्याची चिकित्सा स्वतःवर करून घेतायत, बाकी काही नाही.

तुमच्या वैद्यांचं निदान बरोबर आहे पण "करायचाच नाही" हे मला पटलं नाही. जपा म्हणजे गादीवर बसवा असा अर्थ कुठेच नाही. प्रमेहाची कारणं सांगताना चरक सुरुवातच "आस्यासुखं स्वप्नसुखं" अशी करतो, बसण्याचं सुख आणि झोपेचं सुख, मग दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. आणि निदानस्थानात तर म्हणतो की ज्याला खाण्याची हाव आहे आणि अंघोळीचा नि चालण्याचा कंटाळा आहे त्याच्याकडे प्रमेह असा झटकन येतो जसे पक्षी आपलं घरटं असलेल्या झाडाकडे येतात. कृश माणसाला चालणं मना केलंय असं यातून निघत नाही, प्रमाण बघायचंय.

प्रमाण कसं ठरवायचं तर अर्धशक्ती. वाग्भट म्हणतो व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही ताकदवान आणि स्निग्ध खाणाऱ्यांनी, थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. सुश्रुत अर्ध्या शक्तीची खूण देतो, व्यायाम करताना श्वास तोंडाने घ्यावासा वाटायला लागला की अर्धी शक्ती झाली, तिथे थांबायचं. म्हणजे नाकाने श्वास घेत दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. गड पळत चढताना बोलता येतं का ह्यांना? नाही ना. मग संपला विषय.

तेलाचं पण बरोबर आहे. स्थूल प्रमेह्याला उद्वर्तन म्हणजे कोरडं उटणं चोळायचं, कृशाला अभ्यंग. पण तेल लावल्याने शुगर उतरेल अशी आशा धरू नका, अंग दुखायचं थांबेल, झोप लागेल, तेवढंच आणि तेही पुष्कळ. आणि रात्रीची भाकरी पूर्ववत करा आधी. चरकाने प्रमेह्याचं मुख्य अन्न जव सांगितलंय, ज्वारीत थोडं जवाचं पीठ घालून भाकरी छान होते, पण अर्धपोटी ठेवून बारीक माणसाची शुगर आणायची नसते.

कट्ट्यावरचा_बंड्या

वैद्यबाईंचा प्रतिसाद आवडला. मी आयुर्वेदवाला नाही, उलट आमच्या घरात मी नास्तिक म्हणून प्रसिद्ध आहे, पण या जाड-बारीकच्या गोष्टीला जोड द्यावीशी वाटते कारण त्यातलं एक संशोधन आपल्या पुण्याचंच आहे.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. म्हणजे काट्यावर दोघंही फिट. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपल्या लोकांची ही तऱ्हा आहे आणि ती आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत मागे जाते असं याज्ञिकांचं म्हणणं, त्यावर त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये अनेक वर्षं काम केलंय. तर सईताई, तुम्ही काटा बघू नका. नवऱ्याच्या पोटाला बेंबीपाशी टेप लावा आणि दंड-मांड्या बघा. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असेल तर प्रकरण हेच आहे.

आणि असं असेल तर पळणं हा त्यांच्यासाठी सगळ्यात कमी कामाचा व्यायाम आहे, वजन जाळायचंच नाहीये तर! जेवलेली साखर मुख्यतः जाते कुठे तर स्नायूंत. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढतात, आणि त्याचा परिणाम पुढे दिवसभर ते दोन दिवस टिकतो, म्हणून तर सांगतात की लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आता स्नायूच कमी असतील तर साखर जाणार कुठे. म्हणून ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा. जिमच पाहिजे असं काही नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरून उचलणं, पायरीवर चवड्यावर उभं राहून टाचा वर-खाली. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत, न वाटल्यास बाटलीत पाण्याऐवजी वाळू. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका म्हणजे हेच की, फक्त पहिल्याच दिवशी शंभर मारायच्या नाहीत.

सोबत खाणं वाढवायचं, डाळी, उसळी, ताक, पनीर, चालत असेल तर अंडी. वजन कमी होतंय ही आनंदाची बातमी नाहीये त्यांच्यासाठी.

अजून एक, हे जरा गंभीर आहे. बारीक माणूस, ८.४ आणि वजन उतरतंय, तर डॉक्टरांना जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलंय का) आणि सी-पेप्टाइड (अंगात इन्सुलिन किती बनतंय) या तपासण्यांबद्दल विचारा. काही जणांना मोठेपणी टाइप वनसारखा प्रकार हळूहळू सुरू होतो, सुरुवातीला तो टाइप टूच वाटतो आणि मग गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन लागतं. नसेलही, पण बघून घेतलेलं बरं. तसं निघालं तर कुठल्याच आसनाने भागणार नाही.

सदाबहार_७१

कडुलिंब, कारल्याचा रस आणि रोज अर्धा तास कपालभाती. माझ्या साडूंची गोळी सुटली. डॉक्टर लोक घाबरवतात.

गवती_चहा

@सदाबहार, साडूंचं वजन किती होतं आणि किती उतरवलं? जाड माणसाने दहा-पंधरा किलो उतरवले की बऱ्याच जणांची गोळी कमी होते किंवा सुटते, त्यात खोटं काही नाही. ५४ किलोवाल्याने काय उतरवायचं?

ताडासनताई

ठाण्यात योगवर्ग घेते, सकाळच्या बॅचला निम्मे लोक शुगरचे असतात, म्हणून मंडूकासनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आसन वाईट नाहीये, पोट आत घेऊन पुढे वाकणं, पाठीला छान ताण बसतो. पण स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याला लागून असतं, पोटावर मूठ ठेवून ते लिंबासारखं पिळलं जात नाही. आणि समजा दाबलं गेलं तरी दाबून इन्सुलिन निघत नाही. मी पण शिकाऊ असताना हेच पाठ केलेलं आणि तसंच सांगायचे, पुढे शरीरशास्त्र नीट शिकले तेव्हा सोडलं. आसनांनी शुगरला मदत होते ती वेगळ्या वाटेने, स्नायू कामाला लागतात, झोप सुधारते, ताण उतरतो. ताणात अंगातली जी रसायनं वाढतात ती शुगर चढवतात, हे मीटरवर सुद्धा दिसतं, माझ्या एका विद्यार्थिनीची मुलाच्या दहावीच्या रिझल्टच्या आठवड्यात काही वेगळं न खाता शुगर वर गेली होती.

आणि वैद्यताईंनी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, चरक-सुश्रुतात आसनं नाहीत. तिथे व्यायाम म्हणजे चालणं, कुस्ती, मेहनत. आसनांचा पसारा नंतरच्या हठयोगाच्या ग्रंथांतला. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत मत्स्येंद्रासनाने जठराग्नी प्रदीप्त होतो असं आहे, पण ते मधुमेहाचं औषध म्हणून नाही. त्यामुळे 'आयुर्वेदातलं मधुमेहासाठीचं आसन' असं कोणी विकत असेल तर जरा दमाने घ्या.

तुमच्या मिस्टरांना माझ्या वर्गात काय दिलं असतं ते सांगते. उभ्याची आसनं जास्त. ताडासन, मग उत्कटासन, म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीत बसायचं, पाठ भिंतीला लावून सुरुवात, मांड्या थरथरल्या की दोन श्वास अजून थांबून उठायचं, घाबरायचं नाही, ती थरथर मेहनतीची असते, त्या रविवारची नाही. वीरभद्रासन दोन्ही बाजूंना. मग आडवं होऊन सेतुबंध, पायांच्या मागच्या बाजूला आणि पार्श्वभागाला चांगलं काम मिळतं, हे मोठे स्नायू आहेत आणि साखर हेच खातात. बसून अर्धमत्स्येंद्रासन, हळू. शेवटी शवासन नीट, तीन मिनिटांत उठून चपला शोधणारे माझ्याकडे खूप आहेत. सगळं मिळून पाऊण तास. सूर्यनमस्कार घालू देत की, तुमच्याच जिल्ह्यात औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, ते घरोघरी पोचवले, पण सावकाश, प्रत्येक स्थितीत एक श्वास थांबून, आकडा वाढवण्यासाठी नाही. सावकाश घातलेले बारा घाईच्या पन्नासांपेक्षा जड जातात, घालून बघा.

कपालभाती आणि शीर्षासन-सर्वांगासन मात्र डोळे तपासल्याशिवाय नको. शुगर कळली त्याच वेळी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा असतो, कारण कळायच्या आधी किती वर्षं ती अंगात होती कोणाला माहीत. पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर डोकं खाली करणं, पोटाला हिसके देणं, श्वास कोंडून वजन उचलणं यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. बीपी असेल तरी कपालभाती नको, अनुलोम-विलोम करा, भ्रामरी करा. आणि खांदा वर नेताना एकाच बाजूला अडकत असेल तर जोर लावून उघडू नका, शुगरवाल्यांचा खांदा गोठतो हे फार कॉमन आहे, फिजिओला दाखवा.

सई_सातारा

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. अपडेट देते. डॉक्टरांना रविवारचं सांगितलं तर आधी रागावले की त्याच दिवशी का नाही आलात, मग ग्लिमेपिराइड बंद केली, नुसती मेटफॉर्मिन ठेवलीय आणि घरी मीटरवर मोजून लिहून ठेवायला सांगितलंय. सी-पेप्टाइड आणि जीएडीचं मी विचारलं, त्यांनी भुवया उंचावल्या पण लिहून दिल्या तपासण्या, रिपोर्ट यायचाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा बघितला, ठीक आहे म्हणाले, वर्षाने परत. पोटाला टेप लावली आणि @बंड्या, तुम्ही म्हणता तसंच निघालं, पँट ३० ची आणि पोट ३६! पँट पोटाखाली घालतात म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

ह्यांचा चेहरा मात्र पडलाय, गड बंद म्हणून. "कृशं तु सततं रक्षेत्" सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी ते देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून घेतलंय, आता रोज जेवताना ऐकवतात.

अजून एक शंका. जेवणाआधी चालायचं की नंतर? आमच्याकडे जेवून लगेच चाललं की अपेंडिक्स होतो असं म्हणतात. आणि सकाळी व्यायाम करून आल्यावर मोजली तर आधीपेक्षा जास्तच येते, १४२ ची १६१ झाली, हे काय गौडबंगाल आहे? मग व्यायामाचा फायदा काय, असं विचारतात हे.

नाना_मिरजकर

सईबाळ, अपेंडिक्स वगैरे काही होत नाही. मला शुगर होऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली, आणि मी आता ज्या एका गोष्टीची शपथ घेऊन सांगू शकतो ती म्हणजे जेवणानंतरची शतपावली. नावावर जाऊ नकोस, शंभर पावलं म्हणजे दरवाजातून फाटकापर्यंत, तेवढ्याने काही होत नाही, दहा-पंधरा मिनिटं पाहिजेत. हात धुतले की निघायचं, टीव्हीसमोर बसलास की संपलं. जेवणातली साखर रक्तात चढत असते त्याच वेळी पाय चालले की ती चढायच्या आतच वापरली जाते, साधा हिशेब. मी मीटर नवा घेतला तेव्हा खेळच केला होता, तीच ज्वारीची भाकरी, तीच मुगाची आमटी, तोच वाटीभर भात, एक दिवस जेवून बसून राहिलो, दुसऱ्या दिवशी चाललो, दोन तासांनी मोजली तर तीस-चाळीसचा फरक. तुमच्याकडे फरक कमी-जास्त येईल पण ह्यांना हा खेळ करायला सांग, आकडे बघितले की पुरुषमाणूस ऐकतो, बायकोचं ऐकत नाही.

दुपारी ऑफिसात डबा खाल्ल्यावर पण तेच, कॅन्टीनमध्ये गप्पा मारत बसण्यापेक्षा गप्पा मारत जिन्यावरून जा. भरभर नको, जेवून पळायचं नाही, फक्त चालायचं. रात्री आमच्या गल्लीत कुत्री आहेत म्हणून मी गच्चीवर चालतो, पावसाळ्यात हॉलमध्ये सोफ्याला फेऱ्या घालतो, आमच्या सौ. म्हणतात चक्कर मला येते.

सकाळच्या आकड्याचं घाबरू नका. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, अंग उठवायला, आणि त्यात जोराचा व्यायाम केला की अंगातली उत्तेजक रसायनं अजून सोडायला लावतात, म्हणून लगेच मोजलं की वाढलेली दिसते. तास-दोन तासांनी मोजा. आणि मुख्य म्हणजे तीन महिन्यांनी एचबीए१सी बघा, त्या एका सकाळच्या आकड्यावर भांडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वर वैद्यबाईंनी सुश्रुताचं अनवाणी चालणं लिहिलंय ना, ते वाचून उद्या कोणी गवतावर अनवाणी फिरायला जाईल म्हणून सांगतो. करू नका! शुगरने पायाची जाणीव हळूहळू जाते आणि गेलेली कळत पण नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या बुटात खडा होता, सबंध सकाळ चालला, घरी मोजा काढला तेव्हा लाल झालेला बघून कळलं. करंगळी गेली त्याची. बूट बंद, मोजे सुती, घालायच्या आधी बूट उलटा करून झटकायचा, आणि रात्री झोपताना तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा. हे व्यायामाचाच भाग आहे असं समजा.

निंबोणीचं_झाड

नानांना शंभर टक्के अनुमोदन, ते अनवाणीचं मीच लिहायला हवं होतं. सुश्रुताच्या रोग्याला तपस्व्यासारखं राहायचं होतं म्हणून वहाणा काढल्या, आजच्या पेशंटने तेवढं सोडून बाकीचं घ्यावं.

सई, मिस्टरांना सांगा गड कायमचा बंद नाहीये. आता ती गोळी नाही म्हणजे धोका पुष्कळ कमी झालाय, वजन जरा सावरू दे, मग रविवारी काहीतरी खाऊन, सोबत घेऊन, नाकाने श्वास घेत चालत चढायचा. बाकीचे दिवस बंड्या आणि ताडासनताईंचं अर्धं अर्धं, म्हणजे एक दिवस जोर-बैठका, एक दिवस आसनं, आणि शतपावली रोज. आठवड्याचं सगळं चालणं मिळून दीडशे मिनिटांच्या पुढे गेलं की पुरे. दुपारची झोप असेल तर ती मात्र सोडायची.

मंजिरी_डोंबिवली

धागा चांगला चाललाय म्हणून मध्येच विचारते. आई ६८, इन्सुलिनवर आहे, दोन्ही गुडघे गेलेले, चालणं जमतच नाही. तिला यातलं काय करता येईल? रोज "मला काही होत नाही" म्हणून बसून राहते.

ताडासनताई

मंजिरी, खुर्चीवर बसून होतं खूप काही. हात नसलेली, न हलणारी खुर्ची घ्यायची, प्लॅस्टिकची नको, सरकते. बसून एक पाय सरळ समोर उचलून पाच मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. टाचा जमिनीवरून वर-खाली, टीव्ही बघताना सुद्धा चालतं. हातात अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन खांद्यापर्यंत. मालिकेच्या प्रत्येक जाहिरातीला एक प्रकार, असं माझ्या वर्गातल्या आज्यांना दिलंय आणि त्या चक्क करतात. गुडघे फिजिओला दाखवून घ्या, मांडीचे स्नायू जरा तयार झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, मग घरातल्या घरात चालणं पण जमायला लागेल.

इन्सुलिन आहे म्हणून दोन गोष्टी. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच पायाचा व्यायाम नको, औषध भराभर चढतं, पोटाला घेऊ दे. आणि सुरुवातीला व्यायामाआधी शुगर मोजा, शंभरच्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या, आणि अडीचशेच्या वर असून बरं वाटत नसेल तर त्या दिवशी राहू दे, डॉक्टरांना विचारा.

मंजिरी_डोंबिवली

थँक्यू ताई. जाहिरातींची आयडिया तिला आवडेल असं वाटतंय, संध्याकाळी सात ते दहा तिच्या तीन मालिका असतात. खुर्ची आज माळ्यावरून काढते.